काउंटरमागची दुसरी

४ मार्च
आजपासून दुकान आपलं! इतकी वर्षं दुसऱ्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासले, आता दारावर माझी पाटी. जुन्या बाजारपेठेचा नुसता कायापालट झालाय. दगडी फरशी घासून काढलीय, लाकडी कमानींना नवं पॉलिश, गाड्यांना बंदी. लोक काही घ्यायचं नसलं तरी भटकायला येतात. आमचं दुकान अगदी कोपऱ्यावर. दोन बाजूंना काचा, मागे एक छोटी खोली. तिथे अंधार करून डोळे तपासता येतील. असं दुकान डोळे मिटून घ्यावं, असं दलाल म्हणाला होता. चष्मेवालीला हा सल्ला भलताच, असं म्हणून नवरा खो खो हसला. ठकू, आमची लेक, काउंटरवर चढून एकेक फ्रेम नाकावर चढवत होती. तिला खाली उतरवता उतरवता नाकी नऊ आले.

११ मार्च
आजची बोहनी शेजारच्या घड्याळवाल्या काकांनी केली. वाचायचा चष्मा नेला. जाताना माझा निरोप घेतला आणि मागच्या खोलीकडे वळून पुन्हा एकदा मान लववली. म्हटलं, वयाचा भाग.
दुपारी परवा चष्मा नेलेल्या एका शिक्षिकेचा फोन आला. फ्रेम सगळ्यांना आवडली म्हणे, ज्यांनी निवडून दिली त्या दुसऱ्या बाईंना आवर्जून सांगा. दुकानात मी एकटीच असते. तिने दुकानं दोन-चार पालथी घातली असतील, गोंधळ झाला असेल.

२० मार्च
आज एक बसचालक आले होते. खोलीत अंधार केला, समोरच्या फलकावर दिवा लावला, त्यांच्या डोळ्यांवर भिंगं चढवली. वरच्या ओळी त्यांनी भराभर वाचल्या आणि ते थांबले. दिसत नाही का, विचारलं. दिसतं हो, म्हणाले, पण तुमच्या ताई मध्ये उभ्या आहेत, त्यांना जरा सरकायला सांगा.
मी फलकाकडे पाहिलं. कुणी नव्हतं. तेवढ्यात तेच हां, आता ठीक, म्हणाले आणि शेवटची ओळ वाचली.
मला बहीण नाही.

२६ मार्च
न राहवून घड्याळवाल्या काकांकडे गेले. माझ्याआधी दुकान कुणाचं होतं, ते विचारलं. एका बाईंचं, पिशव्या आणि पर्स विकायच्या. दुकानात आणखी कुणीतरी आहे, अशी त्यांची तक्रार असायची. मग एक दिवस तक्रारी थांबल्या, बाई अगदी हसतमुख झाल्या आणि दुकान विकायला काढून निघून गेल्या. काका घुटमळले. मग खालच्या आवाजात म्हणाले, बाई जन्माच्या डावखुऱ्या, पण निघताना कागदांवर सही केली ती उजव्या हाताने. आणि मला ओळखलंसुद्धा नाही.
मग ज्या डावखुऱ्या होत्या त्या कुठे गेल्या, असं मी विचारलं. काकांनी डोळ्याला भिंग लावलं आणि घड्याळ उघडलं.

३० मार्च
घरी सांगून टाकलं, दुकान विकू या. नवरा चकित. आत्ता संध्याकाळीच तर फोनवर म्हणालीस, जम बसतोय, इथून हलायचं नाही.
मी फोन केला नव्हता.

४ एप्रिल
गिऱ्हाइकं माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीशी बोलतात. मी उत्तर दिलं तर माशी आल्यासारखी मान झटकतात.
नवरा डबा घेऊन आला. खुर्चीसमोर ठेवला, काहीतरी ऐकून हसला. मी त्याची बाही धरली, ओढली. त्याने नुसता दंड चोळला, वारा लागल्यासारखा.

६ एप्रिल
आता मलाही ती दिसते. माझा चेहरा. माझे कपडे. माझी पर्स खांद्याला. कुलूप डाव्या हाताने लावते.
ती आणि नवरा बोलत घरी गेली. मी आत.

७ एप्रिल
सकाळी दार उघडलं तशी मी धावले. उंबऱ्याबाहेर पाय टाकला — मागच्या खोलीत आले. पुन्हा धावले — खोली. पुन्हा —
ती बघत होती. वाईट वाटल्यासारखी. कुजबुजली, मलाही मुलं होती, दोन.

१० एप्रिल
काच बडवली. हात सुजले. घड्याळवाल्या काकांनी मान वर केली, सरळ माझ्याकडे पाहिलं — आणि पुन्हा खाली घातली. त्यांना ऐकू येतं. खात्री आहे. त्यांना नेहमीच ऐकू —

बहुतेक १३
पेन संपत आलंय. दुकान विकायचं ठरलं म्हणे. घरी सगळी मजेत.
ठकू कशी आहे, कुणी बोलतच नाही

आज
ठकू आली! शाळेतून थेट. गणवेशातच. वेणी नीट घातलीय, रिबन मी बांधायचे तशीच बांधलीय. मी हाक मारली, जिवाच्या आकांताने — आणि ती वळली. पाहिलं तिने! नवऱ्याला दिसले नाही, पण पोरीला दिसले. माझी पोर ती. मी हात पसरून धावले.
तिचा चेहरा पांढरा पडला. किंचाळलीच. ती बाई कोण म्हणून रडत पळाली आणि आईच्या मागे जाऊन लपली
आईच्या
काय लिहिलं मी हे. आई मी आहे, तिची आई मी आ