वरच्या मजल्यावरचे बरे झालेले

६ जुलै

पोचले एकदाची! ओगोलादादाने स्वतःच्या होडीतून सरोवर पार करून आणलं. धक्क्यापासून माझी पेटी खांद्यावर घेऊन तो रुग्णालयाच्या फाटकापर्यंत आला, आणि पहारेकऱ्यालाच दम देऊन गेला की आमच्या अपोंदीला नीट सांभाळा, घराण्यात शिकलेली ही एकटीच आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आई-बाप गेल्यावर मासे विकून यानेच मला नर्स केलं, त्याला बोलायचा हक्क आहे.

रुग्णालय खाजगी, तीन मजली, भिंतींना अजून रंगाचा वास. खाली साथीचा वॉर्ड, मधे आम्हा नर्सांच्या खोल्या. मागे स्वयंपाकघर आणि केळीची छान बाग. मॅट्रन अदेरोबाई जाडजूड आणि हसऱ्या आहेत. त्यांनी पहिल्याच जेवणाला मक्याच्या उगालीचा डोंगर आणि तळलेली ओमेना मासळी वाढली. म्हणाल्या, मास्क काढायचा नाही आणि पेशंटशी बिलाचं बोलायचं नाही, एवढी दोन पथ्यं पाळलीस तर इथेच म्हातारी होशील.

९ जुलै

आज वरच्या मजल्यावर पाठवलं. तिथे बरे झालेले पेशंट असतात. ऑक्सिजनचं बिल थकलंय, म्हणून जाळीच्या दाराला कुलूप. आपल्याकडे हे काही नवं नाही, बिल चुकतं होईपर्यंत कुणी माणूस सोडत नाही, मयतसुद्धा नाही. तरी धडधाकट माणसं कुलपात बघवत नाहीत.

त्यांत ओंडिएक मास्तर म्हणून एक आहेत, आमच्या पलीकडच्याच गावचे. साथीत शाळा बंद, पगार बंद. ते या खोलीला बोर्डिंग म्हणतात. माझी नाडीची बोटं चुकली तर मलाच अंगठे धरून उभं करीन म्हणाले. फार दिवसांनी पोट धरून हसले.

१४ जुलै

मास्तरांचे गुडघे सुजलेत. बायकोचे दिवस भरत आलेत, घरून पैशाचं नाव नाही. आज म्हणाले, अगं पोरी, आपले लोक जिवंत माणसाच्या औषधाला खिसे चाचपतात आणि मयताला बैल कापतात. मी मेलो असतो तर कधीच घरी पोचलो असतो. सगळी खोली हसली. मग मास्तर हसायचे थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले.

१७ जुलै

केला फोन. माझ्याच मोबाईलवरून, त्यांच्या मेहुण्याला, मास्तर गेले म्हणून. रडण्याचं सोंग करायला गेले आणि खरंच रडू आलं.

पाप वाटतंय, पण हिशोब सरळ आहे. आपल्याकडे मयत म्हणजे तीन आठवड्यांचं काम. बैठका होणार, वर्गणी होणार, मांडवाचं ठरणार. तोवर बिल भरलं जाईल, कुलूप उघडेल आणि मास्तर चालत घरी जातील. लोक आधी बडवतील, मग मिठी मारतील, आणि बैल आहेच. मास्तरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

१९ जुलै

पैसे एका दिवसात आले. चर्चचे गाणारे, भिशीच्या बायका, नैरोबीतले भाचे, सगळ्यांनी पाठवले. मी धावतच व्यवस्थापक ओगुटूंकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. मास्तर जिवंत आहेत, बिल फिटलंय, आता सोडा.

ते रागावले नाहीत. मला बसवलं, चहा मागवला. शांतपणे म्हणाले की साथीत मयत ठेवून घेत नाहीत हे तू विसरलीस का? सरकारी माणसं बंद पेटी नेऊन लगेच पुरतात. नातलग ट्रक घेऊन फाटकाशी आलेत, खड्डा खणून झालाय. आता मास्तर बाहेर आला तर ते पैसे परत मागतील आणि तुला सोलून काढतील. माझ्यावर सोड.

नियम मला माहीत होता. रोज बघते. पण मयत म्हटलं की माझ्या मनात अजून जुनंच मयत येतं, ते निवांत, मांडवातलं. मी बरं म्हटलं. चहासुद्धा प्यायले.

दुपारी बंद पेटी गेली. बागेतल्या दोन केळी बुंध्याशी तोडलेल्या दिसल्या, खोडं मात्र कुठेच नव्हती.

२० जुलै

मास्तरांना सांगितलं. वाटलं, काहीतरी टोमणा मारतील. ते खाली बसले ते बसलेच. त्यांनी एकच विचारलं, माझ्या खड्ड्यात काय घातलं?

तेव्हा कुठे मला कळलं मी काय केलंय. सरोवरात बुडालेल्याचं प्रेत सापडलं नाही तर आम्ही त्याच्या जागी यागोच्या झाडाचं लांबट फळ पुरतो. मग तो माणूस चालत आला तरी त्याला अंगणात घेत नाहीत. आलाय तो आपला नव्हे, त्याचं रूप घेतलेलं काहीतरी आहे, असं धरतात. बायकोसुद्धा दार लावून घेते.

मास्तर म्हणाले, आता कुलूप उघडलंस तरी मी जाऊ कुठे?

२४ जुलै

ओगुटूंना वाट सापडली. आता ते स्वतःच फोन करतात. वरच्या तिघांची घरं रडून मोकळी झाली, पेट्या गेल्या. बाग उघडी पडलीय. पेटी गेली की त्या माणसाचं जेवण निम्मं होतं, कारण त्याच्या नावावर आता कुणी काही भरणार नसतं. मास्तर जेवतच नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. मी उगाली पाण्यात कालवून भरवते, ती ओठांवरून ओघळते.

२७ जुलै

मास्तर गेले. खरेच गेले. कुठे नेलं, कुणी सांगत नाही. त्यांचा खड्डा तर भरलेला.

मी मॅट्रनबाईंना म्हटलं, उद्या सरकारी आरोग्य अधिकाऱ्याकडे जाणार, सगळं सांगणार, स्वतःचंही. बाईंनी माझं तोंड हाताने दाबलं. म्हणाल्या, गप बस गं बये, मला लेकरं आहेत.

२८ जुलै

सकाळीच माझी एकटीची तपासणी केली. साथ आहे म्हणतात. ताप नाही, खोकला नाही. मोबाईल धुवायला नेला—धुवायला! ही वही झग्याच्या आत होती.

मी वर आहे. मास्तरांच्या खाटेवर.

३० जुलै

ओगुटू जाळीपाशी आले. माझं बिल सुरू झालंय म्हणाले. मी नोकर आहे इथली, ओरडले. ते म्हणाले, होतीस.

बाकीचे माझ्याशी बोलत नाहीत. पहिला फोन कुणी केला, त्यांना माहीत आहे.

२ ऑगस्ट

मॅट्रनबाई ताट सरकवून जायला निघाल्या. ताट निम्मं. मी जाळीतून त्यांचा हात धरला. बाई रडायला लागल्या. म्हणाल्या, काल—ओगोलादादाला फोन—तू गेलीस म्हणून—

दादा होडी विकेल. माझ्यासाठी विकेलच.

३ ऑगस्ट

दादा आलाय. फाटकाच्या आत. खिडकीला खिळे ठोकलेत, पण काचेतून खालचं दिसतं, वरच्या उघड्या झडपेतून दादाचा आवाज येतो. सोबत गावच्या बायका, आक्रोश. मी हाका मारतेय. त्या रडण्यात माझी हाक कुणाला—

पेटी आणली. दादा पेटीपुढे आडवा झाला. तोंड दाखवा म्हणतो. ओगुटू म्हणतात नियम, साथ. दादा म्हणतो, दहा हात लांबून बघेन, काचेतून बघेन, पण पोरीचं तोंड पाहिल्याशिवाय हलणार नाही. पोलीस आणा नाहीतर गोळी घाला.

माझा दादा! आता काय दाखवतील? पेटीत मी नाही. त्यांना कबूल करावंच लागेल. सुटले. देवा, मी सुटले.

ओगुटू मान डोलावतायत. थांबा म्हणाले त्याला. दाखवतो म्हणाले.

त्यांनी वर बघितलं. माझ्या खिडकीकडे.

जिना—कुणीतरी येतंय, दोघं-तिघं. मॅट्रनबाईंचा आवाज, रडतायत, नको म्हणतायत. बाकीचे सगळे भिंतीकडे तोंड करून—

दादा, नको. हट्ट सोड. पेटी तशीच ने. केळीचं खोड असो, काही असो, पूर आणि घरी जा, मी आयुष्यभर इथे राहीन, फक्त तोंड नको मागूस, दादा, तोंड नको—

कुलूप