चुन्याखालची बाई

२ ऑगस्ट
पोचले एकदाची! लोह्यातून जीपनं हाडं खिळखिळी करत मन्याडकाठच्या या गावात आणून टाकलं. पण देऊळ पाहिलं आणि सगळा शीण गेला. आठशे वर्षांचं महादेवाचं देऊळ. शिखरावर पिंपळ उगवलाय, गाभाऱ्यात वटवाघळं, आणि दर पुरात नदी आत शिरून दगड सैल करून जाते. कुणाला काही पडलेलं नाही. हे वाचवायला रविकिरण सरांनी मला निवडलं. अख्ख्या वर्गातून मला! उदगीरला आई उगाच रडत होती.

राहायला कस्तुराबाईंच्या घरी. म्हातारी लई मायाळू. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर तेलाची धार. पोट भरलं म्हटलं तरी ऐकेल तर शपथ. मला लेकच म्हणते.

५ ऑगस्ट
बाहेरच्या भिंतीवर दगडी बायकांची रांग आहे. कुणी आरसा बघतेय, कुणी केस पिळतेय, कुणी पायातला काटा काढतेय. टोकाच्या शिळेवर मात्र चुन्याची पुटंच पुटं. सरांनी फोनवर सांगितलं, ती तूच साफ कर, मजुरांना हात लावू देऊ नकोस. एवढा विश्वास! बांबूची काडी, मऊ ब्रश आणि बादली घेऊन बसले. कस्तुराबाईंचा मुलगा भुजंग पाणी आणून देतो, पण शिळेकडे पाठ करून उभा राहतो. लाजाळू असेल बापडा.

८ ऑगस्ट
पाय निघाले, कंबर निघाली, आज हात. हातात लेखणी! लिहिणारी बाई आहे. इतर देवळांतही असते अशी, पण ही मला सापडली. मी अंगणात चक्क नाचले. कस्तुराबाईंनी माझी दृष्ट काढली आणि पदरानं डोळे पुसले. पाऊस थांबायचं नाव घेईना. नदी देवळाच्या पायरीला लागलीय.

११ ऑगस्ट
चेहरा निघाला.

हनुवटीवर खोक आहे. माझ्या आहे तशी, त्याच जागी. मी लहानपणी सायकलवरून पडले होते. छिन्नीचा घाव असेल, अशी मनाची समजूत घातली. मग शेजारची, ती काटा काढणारी, नीट पाहिली. तिच्या मनगटावर घड्याळ कोरलंय. पट्टा, चावी, सगळं.

आठशे वर्षांपूर्वी घड्याळ?

सरांना सारखा फोन लावतेय. उचलत नाहीत.

१२ ऑगस्ट
भुजंगला खोदून खोदून विचारलं. खाली मान घालून म्हणाला, ती घड्याळवाली देगलूरची बाई होती. मागच्या मोठ्या पुराआधी आली, तीही चुनाच काढायची. मोठा पूर आला की देऊळ एक बाई घेतं, मगच पाणी उतरतं. जी चुना काढते ती, चुन्याखाली तिचंच रूप निघतं. एका साली कुणी आलंच न्हाई, तर पाण्यानं घरं नेली, त्याची धाकटी बहीण नेली. बाहेरच्या बायका आणतं कोण, विचारलं. त्यानं सरांचं नाव घेतलं.

सर याच गावचे. मला कधी बोलले नाहीत.

आणि त्या भाकऱ्या? ती माया? जीव नुसता तळतळतोय. उद्या चालत का होईना, निघणार.

१३ ऑगस्ट, सकाळ
पूल पाण्याखाली. म्हातारी पाया पडली. म्हणाली, एक लेक गेली, दुसरी जाऊ द्यायची न्हाई, देवळाच्या मागच्या दारानं उंचावरची वाट हाय, भुजंग सोडून येईल. रडत होती. मी विश्वास ठेवला. मूर्ख! मूर्ख! मागचं दार नाहीच. आत पाय टाकला आणि बाहेरून अडसर —

दुपार
पाणी गुडघ्यावर. गार लागत नाही. पायच जाणवत नाहीत. खाली हात लावून पाहिला. दगड —

म्हातारी बाहेर रडतेय. रडू दे! माझ्या आईला काय सांगशील गं तू —

कंबर —

झरोक्यातून सरांचा आवाज! आले, सर आले. ओरडले मी, सर, दार —

सर हळूच, वर्गात बोलायचे तसंच, म्हणाले, घाबरू नकोस, हात लिहिता राहू दे, फक्त मान जरा उचल, म्हणजे चेहरा शिळेवरच्यासारखा —