नको नको म्हणता गेलेलं बाक

मिल्टन कीन्स,
रविवार

चि. ऋजुता,

अनेक आशीर्वाद. तुझा खोकला गेला का? ग्लासगोच्या हवेत तो जाणार नाही हे मला ठाऊक आहे, पण मामाने विचारायची पद्धत असते. माझं ब्लडप्रेशर उत्तम होतं, गेल्या मंगळवारपर्यंत.

तू ज्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत नोकरी करतेस, तिने तिच्या माजी विद्यार्थ्याचा, म्हणजे तुझ्या या मामाचा, अपमान केला आहे. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बस. मी जिवंत आहे की नाही याची पंचेचाळीस वर्षं ज्यांनी चौकशी केली नाही, त्यांनी मी रिटायर होऊन घराचं मॉर्गेज फेडल्याबरोबर वाढदिवसाचं कार्ड धाडलं. (यांना हे कळतं कसं, कोण जाणे.) मग गुळगुळीत मासिक आलं. मग फोन. फोनवर तनिषा नावाची मुलगी, माझं आडनाव बघून मुद्दाम आपल्यातली शोधलेली. "काका, तुमचा कॉलेजची आठवण सांगा ना," मोडक्या मराठीत म्हणाली. मी पाऊण तास सांगितली. मग तिची परीक्षा, तिचं जेवणखाण, तिच्या आईचं माहेर, असं करता करता ती बिचारी पैसे मागायचंच विसरली.

म्हणून मंगळवारी देणग्या गोळा करणाऱ्या खात्यातल्या खुद्द फिओनाबाई आल्या. स्टेशनवरून मीच गाडीतून आणलं. (वाटेत नऊ राउंडअबाउट, प्रत्येकाला गरगर वळसा. बाईंचा चेहरा सातव्यालाच हिरवा पडला.) त्यांच्या फोल्डरमध्ये एक चित्र होतं: लायब्ररीच्या दाराशी लाकडी बाक, त्यावर पितळी पाटी, आपण सांगू त्या नावाची.

आता तुझ्यापासून काय लपवायचं? ते बाक मला हवं होतं. फार हवं होतं. तुझी लीलामामी दोन वर्षं त्या दाराशी माझा डबा घेऊन उभी राहायची. आत फक्त विद्यार्थ्यांना सोडायचे आणि बाहेर टेकायला काही नव्हतं. मी आत हीटरजवळ बसून "आलोच पाच मिनिटांत" असा निरोप धाडायचो आणि अर्ध्या तासाने उगवायचो. ती हयात असताना एकदाही मनात आलं नाही. गेल्या वर्षी ती गेली, आणि आता आठवलं की लाज वाटते. चेकबुक सकाळपासून माझ्या खिशात होतं, ऋजुता.

पण म्हणून कोणी विचारल्याबरोबर हो म्हणतं का? बाईंनी विचारलं, मी म्हणालो, छे हो, कशाला, आमची कसली नावं लावता! आता त्यांनी म्हणायचं, असं कसं, तुम्ही नाही तर कोण. मग मी आणखी एकदा नको म्हणायचं, त्यांनी गळ घालायची, आणि मी म्हणायचं, बरं, तुमचा एवढा आग्रहच आहे तर! हे शेंबड्या पोरालाही कळतं. बाई म्हणाल्या, "ऑफ कोर्स, आय टोटली रिस्पेक्ट दॅट," आणि फोल्डर बंद केलं. वर टॅब्लेटवर खूण केली, की या गृहस्थांना यापुढे त्रास देऊ नये. आता म्हणे डेटा प्रोटेक्शनमुळे त्यांना मला फोनसुद्धा करता येत नाही. तो यायला हवा असेल तर त्या ठेवून गेल्या तो फॉर्म मी स्वतः भरून कळवायचं. म्हणजे काय, मी लिहून देऊ, की या आणि माझ्याकडे मागा?

आणि संताप कशाचा येतो सांगू? याच बाई माझ्या बटाटेवड्यांना "नो, रिअली, आय कुडन्ट" म्हणत होत्या. मी दोन वाढले. मग आणखी दोन. मग माझी शपथ घालून पाचवा. सगळे खाल्ले, वर चटणीची रेसिपी लिहून घेतली! म्हणजे आग्रह कसा करतात हे मी त्यांना समोर बसवून करून दाखवलं होतं. काही उपयोग? शून्य.

पाच दिवस फोनजवळ बसून आहे. फोन नाही, कार्ड नाही, मासिकसुद्धा बंद होणार म्हणे. असल्या माणूसघाण्या संस्थेला मी एक पेनी देणार नाही, एवढंच तुला कळवायचं होतं.

तुझा, अजिबात न रागावलेला,
पुरुषोत्तममामा

ता. क. सोबत घडी घातलेला कागद आहे तो तोच फॉर्म. भरून सही केली आहे. फिओनाबाईंना नेऊन दे. मी दिला म्हणू नकोस, कुठल्याशा पुस्तकात सापडला म्हण.

ता. क. २ त्यांचा फोन आला तर मी पुन्हा नको म्हणणार. जन्माची सवय, तोंडातून निघून जातं. त्यांना म्हणावं, दोनदा नको म्हणतील, तोवर कृपा करून फोन ठेवू नका.

ता. क. ३ पाटीवर 'लीलावती' एवढंच घालायचं. शेजारी माझंही नाव घालू का, असं त्या विचारतील. त्याला नको म्हणून सांग. ते नको मात्र पहिल्याच वेळी धरायचं.