शोल्डरपॅड्सचा नवा गायक

गुरुवार, ३१ जुलै
आमच्या दुसऱ्या अल्बमवर समीक्षक मगाडलाने आज लिहिलं. मी कोटा, म्हणजे चिप्स भरलेला पाव, खात होते, पहिल्याच ओळीला अर्धा मांडीवर सांडला. दोन वर्षांपूर्वी हाच माणूस माझ्या आवाजाला ‘पत्र्यावर ओढलेलं नख’ म्हणाला होता. आमच्या अख्ख्या पिमव्हिल वस्तीतली पोरं मला बघून नखं दाखवायची.
आणि आज? ‘शोल्डरपॅड्स बँडने त्या किंचाळणाऱ्या बाईला अखेर घरी पाठवलं. नवा गायक खोल, भारदस्त, जखमी. डिस्कोतलं दुःख या पुरुषालाच कळलं.’
कुठला पुरुष? अल्बमवर मी एकटी गाते. मोथुसी कीबोर्ड वाजवतो, आणि तो गायला लागला की आम्हीच त्याला थांबवतो.

शुक्रवार, १ ऑगस्ट
कोडं सुटलं! बास भरदार वाजावा म्हणून आम्ही अल्बमच्या दोन्ही तबकड्या मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या वेगाला कापून घेतल्या होत्या. मगाडलाने त्या नेहमीसारख्या तेहतीसवर लावल्या. सगळं संथ, सगळं खर्जात — आणि मी बाप्या!
वेग पाकिटावर छापायला हवा होता. पण मोथुसी तेव्हा म्हणाला, “आकडे टाकले की पाकीट वाण्याच्या पिशवीसारखं दिसतं.” जुन्या जमान्याचा एवढा सोस, आणि त्या जमान्यात वेग छापत असत एवढंच याला आठवलं नाही. पोट दुखेपर्यंत हसले.

रविवार, ३ ऑगस्ट
आता हसू येत नाही.
मगाडलाचं वाचून आणखी दोघांनी तेच लिहिलं. एकाने ‘परिपक्व’ हा शब्द चार वेळा वापरलाय. तबकडीला हात लावला असेल असं वाटत नाही. त्या जोरावर शनिवारच्या मोठ्या जलशाचं आमंत्रण आलं — एवढ्या मोठ्या स्टेजवर आम्ही कधीच उभे राहिलो नाही. मगाडला स्वतः येणार आहे.
मोथुसी म्हणाला, “सिसी, तू समजूतदार आहेस.” मी ‘सिसी’, म्हणजे ताई, झाले की त्याला काहीतरी हवं असतं. त्याला गाणी संथ करून एक पुरुष उभा करायचाय. त्याच्या चर्चमधला डुमेझ्वेनी, छातीचं कपाट असलेला. “तू मागे टाळ्या धर. पुढचं पुढे बघू.”
“शनिवारी नऊ ऑगस्ट, आपल्या देशाचा महिला दिन आहे,” मी म्हटलं.
“मग चांगलंय की. बायकांना आवडेल तो.”

मंगळवार, ५ ऑगस्ट
तालीम. डुमेझ्वेनी छान गातो, हीच तर पंचाईत. मात्र डिस्को असा गातो की नाचायला आलेल्यांनी टोप्या काढून उभं राहावं. मी तीन तास टाळ्या वाजवल्या. मध्ये रडू आलं, तर मोथुसी म्हणतो ताल चुकतोय.
माझी गाणी, आणि त्यात नको आहे ती मीच. मगाडलाचं खरं असेल का? आवाजच वाईट असेल तर भांडू कशाच्या जोरावर?

बुधवार, ६ ऑगस्ट
टाळ्या. हात सुजलेत.

गुरुवार, ७ ऑगस्ट
आज पहिल्यांदाच तबकडी तेहतीसवर लावली. त्या पुरुषात असं काय आहे, ऐकावं तरी. दुसऱ्या कडव्याला स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. आई ओल्या हातांनी दारात. “तुझ्या बाबांचा आवाज कुणी भरून ठेवला होता?”
बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांचा आवाज आमच्याकडे कुठेही नाही. “आई, ही मी आहे,” म्हटलं. तिने हाताने मला गप्प केलं आणि चारही बाजू संपेपर्यंत बसून राहिली.
मोथुसीला निरोप धाडला — शनिवारी मी गाणार, माझ्याच वेगात, पंचेचाळीसवर.