दुकानातली इस्त्री

४ मार्च

ती. ताईस,

वाकता येत नाही, म्हणून बसूनच नमस्कार. तुझा दमा कसा आहे? तुझ्या घराला पायऱ्या किती गं? सहज विचारतोय.

इकडे काहीतरी शिजतंय. मी झोपलो असं समजून तुझी भावजय दुपारी स्वयंपाकघराचं दार लावून घेते. आतून धपधप आवाज येतो आणि बाहेर येते ती घामाघूम. विचारलं तर म्हणते, डबे लावत होते. जन्मभर लोकांची मापं घेतलीत मी; पोट आत ओढून फसवणारे लगेच ओळखतो.

परवा एक बाई आली. हसून नमस्कार केला आणि माझ्याच टेपनं माझ्या पलंगाची उंची न् दाराची रुंदी मोजून गेली. पलंग कुठे न्यायचाय, ते मला कोण सांगणार? मुलाचा फोन आला की ही गॅलरीत जाते. ‘संस्था’ एवढा शब्द मी ऐकलाय.

आणि दुकान बंद करताना आठवण म्हणून ठेवलेली जड इस्त्री फडताळातून गायब आहे. माणसाआधी त्याच्या वस्तू काढतात, ताई. झटक्यानं माझी डावी बाजू गेली, डोकं गेलेलं नाही. मला उचलून कंटाळली असेल तर तोंडावर सांगावं. हिच्याशिवाय राहायच्या विचारानं रडू येतं. हे तिला कळवू नकोस.

पायऱ्यांच्या उत्तराची वाट पाहणारा,
तुझा भाऊ

२६ मार्च

ती. ताईस,

पायऱ्या नाहीत न् एक खोली रिकामी आहे, हे वाचून बरं वाटलं. पण मागच्या आठवड्यात खुर्चीतून घसरलो. एरवी शेजारच्या ड्रायव्हरला हाक मारावी लागते. हिनं मारली नाही. गुडघे वाकवून बसली, मला छातीशी घट्ट धरलं आणि उभं केलं. मग धापा टाकत पिठाच्या डब्यामागून इस्त्री काढली.

“डॉक्टर म्हणाले, माझी हाडं ठिसूळ झालीत, तुम्हाला उचलायचं नाही. पोरगा म्हणाला, बाबांना संस्थेत ठेवू. मी व्यायामवाल्या बाईंना विचारलं, हाडं परत भरतात का? त्या म्हणाल्या, थोडीफार. स्नायूंनी ओढलं, वजन पडलं, तर हाड टिकतं. नुसतं जपलं तर झिजतं. म्हणून वर्षभर टाचा आपटतेय, हल्ली ही इस्त्रीही उचलतेय. तुम्हाला सांगितलं असतं तर करू दिलं असतं?”

नसतं करू दिलं. मापं घेऊन गेल्या त्या याच बाई; पलंग न् दार मोजलं होतं, ते शेजारी धरायला दांडा बसवायचा म्हणून. तो आता बसलाय.

संशयी स्वभाव काही गेला नाही, ताई. आता उचलताना ही हसली की मी बघतो, कळ कुठे लपवतेय. पलंगावर पडून माझीही हाडं झिजतायत, असं बाई म्हणाल्या. म्हणून रोज दांडा धरतो. जेवढं वजन माझ्या पायांवर, तेवढं हिच्या कमरेवरून कमी.

तुझ्याकडची खोली तूर्त राहू दे.

थोडा वेळ उभा राहिलेला,
तुझा भाऊ