हसायच्या जागा

बुद्धप्रिया,

तू इस्त्रीची साडी आणायला गेलीस, तवर मी पुढं निघाले. शेंगापोळी आन् दही झाकून ठेवलंय. खाऊनच नीघ, रिकाम्या पोटी तुझा आवाज बसतो.

मी कारखान्यातनं अर्धी सुट्टी घेतलीया. शिलाईवरच्या चौघीजणी बी संगं हायेत. तुझ्या कॉलेजात, भाषणाला, पहिल्या रांगेत बसणार हाय. येऊ नको म्हणाली होतीस, ध्यानात हाय माझ्या. तरी चाललीया.

मागच्या भाषणाला कुणी हसलं न्हाय म्हणून तू घरी येऊन जेवली नव्हतीस. औंदा तसं व्हायचं न्हाय. आठवडाभर तू स्वयंपाकघरात भिंतीपुढं बोलतीस, आन् मी पलीकडं टॉवेलाच्या कडा शिवत ऐकतीया. सारखेच ऐकू येणारे दोन इंग्रजी शब्द आले की तू चष्मा वर सारून थांबतीस. लोक रोज बोलतात ती इंग्रजी वाक्यं मुळात जुन्या नाटकातली हायेत, असं सांगून झालं की परत चष्मा वर. इंग्रजी मला कळत न्हाय, पर हसायच्या जागा सगळ्या पाठ हायेत. चौघींना बी शिकवून ठेवलंय. चष्मा वर गेला की आमी हसणार. मग मागची पोरं बी हसतील बघ.

तू फकस्त एक कर. मधीच कितीबी घाम आला, तरी उगंच चष्म्याला हात लावू नको.

आई