रंगाखाली बुजवलेली चीर

पलूस, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९७४

अजून डोकं तापलेलंच आहे. लोणंदच्या नणंदबाई आज आमच्या छकुलीसाठी त्यांच्याकडचा जुना पांगुळगाडा घेऊन आल्या. नवा हिरवा रंग दिलेला, सगळ्यांनी कौतुक केलं. मी उलटा करून पाहिला, तर चाकावरच्या दांड्याला लांबलचक चीर! भेगा बुजवायची लांबी भरून बुजवलेली, वरून रंग.

"वन्सं, ह्याच्यावरनं कोण पडलं हुतं का?"

"थोरला पडला हुता की. चारच टाकं पडलं. आता कुठं दिसतंय?"

चारच! म्हणजे माहीत असून रंग फासला? सासूबाई उलट मलाच म्हणाल्या, "धर्माची गाय आन् दात का गं न्हाय? फुकट मिळतंय, गप घे." फुकट म्हणून दहा महिन्यांच्या लेकीचं कपाळ फोडून घेऊ? जुन्याला माझी ना नाही. जावेच्या पोराची झबली ती घालतेच. चीर आहे एवढं सांगितलं असतं, तर सुताराकडून दांडा बदलून घेतला असता. रंग कशाला द्यायचा?

मी त्यांच्यासमोरच कुऱ्हाडीनं दांडा तोडला. जास्त झालं का? वन्सं रुसून जेवल्या नाहीत. मीही आग्रह केला नाही.